मार्गदाता, मोक्षदाता आणि एका मुलीचा प्रश्न



डिसेंबर आला की इथल्या शाळांत आणि दुकानांच्या काचांमागे गव्हाणीतल्या बाळाचे देखावे मांडले जातात. त्या दिवसांतच एका रविवारी वंदनेनंतर आपल्यातल्या तेरा वर्षांच्या मुलीने मला विचारले, "काका, माझी मैत्रीण येशूपुढे मेणबत्ती लावते, आपण बुद्धांपुढे लावतो. मग फरक काय?" मी पाठ असलेले उत्तर दिले : येशू मोक्षदाता, बुद्ध मार्गदाता. तिने मान डोलावली, पण तिला ते पटले नव्हते. खरे सांगायचे तर मलाही पुरेसे वाटले नाही.

१९५० च्या एका लेखात बाबासाहेबांनी येशू, महंमद, कृष्ण आणि बुद्ध यांनी स्वतःला कोणते स्थान दिले याची तुलना केली आहे. या प्रश्नाची दुसरी बाजू अशी की अनुयायी आपल्या गुरूला कोणते स्थान देतात? त्यासाठी मी मध्ययुगातल्या फ्रान्सिस्कन पंथाविषयी वाचायला घेतले.

गव्हाणीच्या देखाव्याची प्रथा रुजली ती या पंथाचे संस्थापक, इटलीतील असिसीचे संत फ्रान्सिस यांच्यामुळे. १२२३ च्या नाताळात त्यांनी ग्रेच्चो गावात गवत, बैल आणि गाढव आणवले. ते बाळ किती हालात जन्मले हे लोकांना डोळ्यांनी दिसावे, हा त्यांचा हेतू. त्या काळच्या अनेक चर्चमध्ये ख्रिस्त सिंहासनावर बसलेला न्यायाधीश होता. फ्रान्सिस यांनी त्याला गव्हाणीत आणि क्रुसावर, म्हणजे दुःख भोगणाऱ्या माणसांत पाहिले. १२२६ साली मृत्यूपूर्वी केलेल्या मृत्युपत्रात ते आपल्या परिवर्तनाची सुरुवात कुष्ठरुग्णांपासून सांगतात. ज्यांना पाहणेही आधी कडू वाटे, त्यांची सेवा केल्यावर तेच गोड झाले.

पुढे १२५७ मध्ये पंथाचे प्रमुख झालेल्या बोनाव्हेंचर यांनी १२५९ मध्ये ला व्हेर्ना डोंगरावर मनाच्या देवाकडच्या प्रवासावर ग्रंथ लिहिला. त्यात सहा पायऱ्या आहेत : दोन बाहेरच्या सृष्टीतून, दोन स्वतःच्या आतून, दोन त्यापलीकडच्या. शेवटी बुद्धी थांबते आणि प्रेम पुढे जाते. या प्रवासात ख्रिस्त म्हणजे वाट आणि दार.

डन्स स्कोटस (मृत्यू १३०८) यांनी तर प्रश्नच बदलला. त्यांच्या दोनशे वर्षे आधी आन्सेल्म यांनी मांडले होते की, माणसाच्या पापाचे देणे फेडण्यासाठी देवाला माणूस व्हावे लागले. स्कोटस म्हणाले, आदमने पाप केले नसते तरी ख्रिस्त आला असता, कारण सृष्टीमागचा पहिला हेतू प्रेम आहे. आमच्या आयटीच्या भाषेत बोलायचे तर आन्सेल्मचा ख्रिस्त म्हणजे बिघाड झाल्यावर टाकलेला पॅच, आणि स्कोटसचा ख्रिस्त मूळ डिझाइनचा भाग.

म्हणजे फ्रान्सिस्कनांसाठी ख्रिस्त तारणारा होताच, पण त्याच्या मागे चालायचे असल्यामुळे तो वाटही झाला. माझे पाठ केलेले उत्तर इथे अपुरे पडले.

पण वाटेचीही भांडणे होतात. ख्रिस्ताकडे काही मालमत्ता होती का, यावर वाद पेटला. १३१८ मध्ये मार्सेय शहरात दारिद्र्याच्या कडक व्रताबाबत माघार न घेणाऱ्या चार फ्रान्सिस्कनांना जिवंत जाळण्यात आले. १३२३ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी, ख्रिस्त आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचे काहीच नव्हते असे आग्रहाने म्हणणे हाच पाखंड ठरवला.

या वादात आपण कुठे उभे राहणार? फ्रान्सिस कापडाच्या व्यापाऱ्याचे पुत्र होते. ज्याच्या घरी कापडाचे गठ्ठे होते, त्याला अंगावरचे कपडे उतरवून बापाला परत देता आले. आपल्या आजोबांच्या वाट्याला आलेली गरिबी हे व्रत नव्हते, ती लादलेली होती. बुद्धांनी दारिद्र्याला धन्य म्हटले नाही, नीतीने मिळवलेल्या संपत्तीला त्यांची ना नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले आहे. मला तेच पटते.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फ्रान्सिस कुष्ठरुग्णांमध्ये राहिले, त्यांनी स्वतःच्या हातांनी सेवा केली. गावाबाहेर ठेवलेल्यांच्या वंशजांनी याचा आदर करायलाच हवा. तरीही मृत्युपत्रातल्या त्या रुग्णांना नाव नाही. गोडवा मिळाला तो फ्रान्सिस यांना. आता 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधला राजगृहाचा सुप्रबुद्ध आठवा. तोही कुष्ठरोगी. गर्दी पाहून, अन्न मिळेल म्हणून आला. तथागतांनी ओळखले की या माणसाला धम्म समजेल, आणि त्याला समजला. सुप्रबुद्धाला नाव आहे, आणि प्रज्ञाही आहे.

आता स्वतःकडे पाहू. बुद्धांनी मोक्षदाता होण्याचे नाकारले, म्हणून आपण त्यांना तसे करणार नाही याची खात्री आहे का? "बाबासाहेबांनी आपल्यासाठी सगळे केले" असे म्हणून आपण हार घालतो आणि घरी जातो, तेव्हा आपण त्यांनाही मोक्षदाताच करत असतो. फ्रान्सिस्कनांनी तारणाऱ्याची वाट केली. दाखवलेली वाट सोडून आपण मात्र तारणारा तर शोधत नाही ना?

त्या मुलीला मी पुन्हा भेटलो तेव्हा म्हणालो, "ज्योत सारखीच आहे. फरक काय, ते ज्योत लावल्यानंतर आपण कसे वागतो त्यावरून तू आम्हाला सांग." तिने लगेच विचारले, "मग तुम्ही काय करता, काका?" मला सांगण्यासारखे फार थोडे निघाले.

पुढच्या वंदनेनंतर सुप्रबुद्धाची गोष्ट मुलांनीच वाचावी आणि हाच प्रश्न आपल्या सर्वांना विचारावा, असे मी सुचवतो. उत्तर तयार ठेवा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!