वजन कुणाच्या अंगावर?

नवी गाडी बघायला गेलेला मराठी माणूस बॉनेटवर अंगठा दाबून बघतो. पत्रा दबला नाही की गाडी दणकट असल्याचा निर्वाळा मिळतो. जड गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की हलक्या गाडीला ‘डबा’ म्हणून मोकळे होतात. वास्तविक अंगठ्याखालचा तो पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. धडकेत माणसाला वाचवते ती आतली चौकट: दारांच्या बाजूचे खांब, दाराखालचा उंबरा, छताच्या कडा. तिथले पोलाद अधिक ताकदीचे असते. बॉनेट, दारे, मडगार्ड यांचे बाहेरचे आवरण ॲल्युमिनियमचे, फायबरग्लासचे किंवा कार्बन फायबरचे केले, तरी आतली चौकट चोख असेल तर आतला माणूस सुरक्षित राहतो.

तरीही जड गाडीची ओढ सुटत नाही, कारण तिच्या मुळाशी भीती आहे, आणि ती भीती खरी आहे. २०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची माणसे ४४.५ टक्के आणि पायी चालणारी १९.५ टक्के होती. म्हणजे मेलेल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या भोवती कसलाही पत्रा नव्हता. हा आकडा समोर ठेवला की यंत्रशास्त्राचा वाटणारा विषय एकदम नीतीचा होतो. स्वतःच्या जिवाची काळजी घेताना माणसाने किती वजन घेऊन दुसऱ्यांच्या रस्त्यावर यावे?

साधे गणित करून पाहू. ८०० किलोची आणि १६०० किलोची अशा दोन गाड्या ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळल्या आणि एकमेकींत अडकल्या, तर दोन्ही मिळून जड गाडी जात होती त्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने सरकतात. जड गाडीतल्या माणसाच्या वेगात सुमारे ३३ किलोमीटरचा फरक पडतो, हलक्या गाडीतल्या माणसाच्या वेगात सुमारे ६७ चा. शरीराला इजा होते ती याच फरकाने. धडकेतला धोका जड गाडीने नाहीसा केलेला नसतो, त्याचा मोठा वाटा समोरच्याकडे ढकललेला असतो. मायकेल अँडरसन आणि मॅक्सिमिलियन ऑफहॅमर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे मोजमाप केले. धडक देणारी गाडी हजार पौंडांनी, म्हणजे सुमारे ४५० किलोंनी जड असेल, तर समोरच्या गाडीतल्या माणसाच्या मृत्यूची शक्यता ४७ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

सुरक्षा चाचणीत मिळणारे तारेही या बाबतीत पुरे पडत नाहीत. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी एका दबणाऱ्या अडथळ्यावर आदळवतात, ती चाचणी साधारणपणे तेवढ्याच वजनाच्या गाडीशी झालेल्या धडकेची. आतल्या माणसाचे काय होईल ते ती सांगते. त्या गाडीसमोर निम्म्या वजनाची गाडी आली तर तिच्यातल्या माणसाचे काय होईल, ते त्या ताऱ्यांत नसते.

वजनाला नीतीशी जोडणारा एक प्रश्न भारतात फार पूर्वी थेट विचारला गेला आहे: जीव जड कशाने होतो आणि हलका कशाने होतो? ज्ञाताधर्मकथा या जैन आगमात महावीरांचे शिष्य गौतम तो त्यांना विचारतात. उत्तरादाखल महावीर भोपळ्याचा दृष्टांत देतात. एक सुका, न फुटलेला भोपळा घ्यावा, त्यावर गवत गुंडाळावे, चिखल लिंपावा, उन्हात वाळवावा, आणि असे आठ थर द्यावेत. पाण्यात टाकल्यावर तो तळाशी जातो. थर भिजून, कुजून एकेक सुटू लागले की तो वर येऊ लागतो आणि आठही थर गेल्यावर पाण्यावर तरंगतो. आठ थर म्हणजे आठ प्रकारची कर्मे. जैन दर्शनात कर्म हे सूक्ष्म द्रव्यच मानले आहे, त्यामुळे इथे ओझे ही नुसती बोलण्याची पद्धत राहत नाही. हिंसा, असत्य, चोरी, परिग्रह यांनी ते ओझे चढते.

आत्म्याची गोष्ट लोखंडी गाडीला लावणे ओढूनताणून होते, असा आक्षेप कुणी घेईल. पण याच परंपरेने माणसाच्या हालचालीचा आणि वाहनांचाही बारीक विचार केला आहे. साधूसाठी ईर्यासमिती सांगितली आहे: समोरची जमीन नीट पाहत चालायचे, कारण चालण्यानेही जीव मरतात. गृहस्थाला तेवढे कडक व्रत झेपणार नाही, म्हणून त्याच्यासाठी मोजके नियम आहेत. परिग्रहाचे, म्हणजे मालमत्तेच्या साठ्याचे, परिमाण ठरवायचे, कुठल्या दिशेला किती दूर जायचे याची हद्द आखायची, आणि निष्कारण होणारी हिंसा टाळायची. या शेवटच्या व्रताला अनर्थदंडविरती म्हणतात. उपासकदशा या आगमात वाणिज्यग्रामच्या आनंद नावाच्या धनाढ्य गृहस्थाची कथा आहे. तो महावीरांकडून श्रावकाची व्रते घेतो तेव्हा आपल्या गाड्यांचीही मर्यादा जाहीर करतो: दूरदेशी जाणाऱ्या पाचशे आणि मालवाहतुकीच्या पाचशे. आकडा अफाट आहे. पण यापुढे वाढवणार नाही, हे त्याने चारचौघांत बोलून दाखवले, यात त्या व्रताचे मर्म आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातले सर्वाधिक जैन महाराष्ट्रात राहतात, सुमारे चौदा लाख. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकरी जैन घरांत ही व्रते आजही मराठीतून सांगितली जातात. ती पाळणाऱ्यांपुरतीच ठेवण्याचे कारण नाही. रस्त्यावरच्या वजनाचा विचार करायला त्यांच्याइतकी नेमकी मोजपट्टी दुसरीकडे सहज सापडत नाही.

मात्र हलकेपणा म्हणजे आपोआप अहिंसा, असेही नाही. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी आयुष्यभर गाडीतले किलो कमी करण्याचा ध्यास घेतला. १९५७ सालच्या त्यांच्या ‘एलिट’ गाडीत सांगाडा आणि आवरण दोन्ही मिळून फायबरग्लासचे एकच कवच होते. शर्यतीच्या मैदानावर त्यांच्या गाड्या वेगवान होत्या, तशा नाजूकही. त्यांचाच चालक योखेन रिंट याने त्यांना पत्र लिहून विनवले होते की थोडे वजन वाढले तरी चालेल, कमजोर भाग मजबूत करा. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतल्या मोंझा इथे सरावाच्या वेळी रिंटच्या लोटसच्या पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला, गाडी कठड्यावर आदळली आणि तो गेला. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले.

अकरा वर्षांनी त्याच मोंझात जॉन वॉटसनची मॅक्लारेन कठड्यावर इतक्या जोरात आदळली की इंजिन आणि गिअरबॉक्स तुटून वेगळे झाले. वॉटसन मात्र आपल्या पायांनी बाहेर आला. जॉन बर्नार्ड यांनी आखलेल्या त्या गाडीत चालकाभोवतीचे कवच कार्बन फायबरचे होते. फॉर्म्युला वनमध्ये असे कवच आणणारी ती पहिली गाडी. तोवर अनेकांना वाटत होते की हे हलके द्रव्य धडकेत काचेसारखे फुटेल. दोन्ही गाड्या हलक्याच होत्या. एकीत ज्या भागावर जीव अवलंबून होता तिथले वजन काढले होते, दुसरीत माणूस बसतो ती जागा आधी भक्कम केली होती. जिवाच्या जागी कसर करणे हा अपरिग्रह नव्हे.

आणखी एक हिशेब राहतो: हलके द्रव्य कुणाच्या हातून घडते? फायबरग्लासचे बॉनेट एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये कसे बनते ते पाहावे. साच्याला मेण चोळतात, त्यावर जेलकोटचा थर देतात, मग काचेच्या तंतूंची मॅट अंथरतात आणि ब्रशने रेझिन पाजतात. लगेच खाचांचा रोलर फिरवून आतली हवा काढावी लागते, कारण एक बुडबुडा राहिला तरी तिथे पुढे तडा जातो. पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. सुकल्यावर कडा कापून घासतात तेव्हा काचेची बारीक धूळ उडते, ती कातडीत रुतून खाजते आणि श्वासातून आत जाते. रेझिनचा उग्र वास दिवसभर डोक्यात राहतो. ज्या कारागिराला साधा मास्क आणि हातमोजे मिळत नाहीत, त्याच्या अंगावर त्या हलक्या बॉनेटचे वजन पडलेले असते.

कार्बन फायबर त्याहून खर्चिक. एका कृत्रिम धाग्याला प्राणवायूविना हजार अंशांहून जास्त तापवून ते तयार होते आणि त्याला भरपूर ऊर्जा लागते. बीएमडब्ल्यूने २०१३ साली ‘आय थ्री’ ही विजेवरची गाडी आणली, तेव्हा तिच्या कार्बन फायबरचा कारखाना मुद्दाम अमेरिकेतल्या मोझेस लेक इथे, जलविद्युत मिळते तिथे उभारला. गाडी जेमतेम १२०० किलोंची झाली. सुमारे अडीच लाख गाड्या बनवून २०२२ साली तिचे उत्पादन थांबले. पूर्व जर्मनीच्या ट्राबांटची कहाणी उलट आहे. पोलादाच्या टंचाईमुळे तिचे आवरण कापसाच्या टाकाऊ तंतूंत रेझिन मिसळून दाबलेल्या ड्युरोप्लास्टचे केले होते. गरिबीतून आलेला तो हलकेपणा सहाशे किलोंच्या आसपासचा होता आणि अशा सुमारे तीस लाख गाड्या बनल्या. मोडीत निघाल्यावर मात्र पेच पडला. पोलाद वितळवून पुन्हा वापरता येते, ड्युरोप्लास्ट वितळत नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र द्रव्यात नाही, हावेत आहे. फोर्डने २०१५ च्या ‘एफ-१५०’ ट्रकचे आवरण ॲल्युमिनियमचे करून सुमारे ३०० किलो वाचवले. त्याच ट्रकच्या पुढे आलेल्या विजेवरच्या आवृत्तीचे आवरणही ॲल्युमिनियमचेच, तरी वजन २७०० किलोंच्या वर गेले. विजेवरच्या ‘हमर’ गाडीचे वजन चार टनांपेक्षा जास्त आहे. एका हाताने थर काढायचा आणि दुसऱ्या हाताने नवा लिंपायचा, असे हे चालले आहे. परिमाण ठरवल्याशिवाय कोणतेही हलके द्रव्य हे थांबवू शकत नाही.

कायदा परिमाण ठरवू शकतो. फ्रान्सने २०२२ पासून १८०० किलोंपेक्षा जड नव्या गाड्यांवर वजनानुसार कर लावला आणि २०२४ मध्ये ती मर्यादा १६०० किलोंवर आणली. भारतात वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने लहान गाडी कोणती, हे लांबी आणि इंजिनाच्या क्षमतेवरून ठरते. वजन त्यात धरलेले नाही. ज्या देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत दुचाकीस्वार आणि पादचारी सर्वाधिक आहेत, तिथे वजनावर कर असणे न्यायाचे आहे, आणि तो लवकरात लवकर आणायला हवा. कायदा होईपर्यंत हे व्रत गाडी घेणाऱ्याच्या हाती आहे. माहितीपत्रकात ‘कर्ब वेट’ या नावाने रिकाम्या गाडीचे वजन अनेकदा छापलेले असते. बुकिंगचे पैसे भरण्याआधी तो आकडा वाचावा, आणि आपल्या घरातल्या माणसांना खरोखर तेवढ्या किलोंची गरज आहे का, हे रस्त्यावरच्या इतरांना डोळ्यांपुढे आणून ठरवावे.