हिरण्यकेशीच्या कुंडापाशी

सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीस आलेला प्रवासी धुक्यातून वाट काढीत हिरण्यकेशीच्या देवालयाशी पोहोचतो, तेव्हा गुहेतून कुंडात उतरणारे आणि पुढे घटप्रभेस मिळून पूर्वसमुद्राची वाट धरणारे ते जल मुळातच पवित्र, की माणसाने तेथे पादत्राणे उतरविली म्हणून पवित्र, असा प्रश्न त्यास पडल्यावाचून राहत नाही. येथील चिमुकल्या माशास शास्त्रज्ञांनी २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव दिले, २०२१ साली सरकारने स्थळास जैवविविधता वारसा म्हणून जाहीर केले, परंतु हुकूम निघण्यापूर्वी (दफ्तरी नोंद नेहमीच उशिरा!) या जीवाची राखण देवाच्या धाकानेच केली असावी. पावित्र्याचा उगम मला तरी त्या धाकाने मासा धरण्यापासून आवरलेल्या हातातच दिसतो. दर्शनार्थींनी कुंडात निर्माल्य टाकू नये, एवढीच विनंती.