वाटी रिकामी पाठवू नये

फुकट या शब्दाबद्दल आपल्या मध्यमवर्गीय मनात मोठा गोंधळ आहे. प्रदर्शनातल्या लोणच्याच्या स्टॉलवर आपण 'नमुना' म्हणून काडीकाडीने चौदा प्रकार चाखतो आणि एक पापडाचं पाकीट घेऊन बाहेर पडतो. पण तेच लोणचं कोणी बरणीभर घरपोच दिलं, तर बरणी उजेडात धरून आधी तारीख बघतो. फुकट घेणाऱ्याचा आपल्याला हेवा वाटतो आणि फुकट देणाऱ्याचा संशय येतो. पण जो आपणहून देतो, ते कसं केलं याची कृतीही देतो, आणि वर 'काही चुकलं असेल तर कळवा हं' अशी विनंती करतो, असा माणूस आपल्या हिशेबातच बसत नाही.

ही जमात मला एका शनिवारी पुण्यात घाऊक प्रमाणात बघायला मिळाली. माझा भाचा संगणकवाला. 'ओपन सोर्स' नावाचा जो पंथ आहे, त्यातल्या मंडळींचा मेळावा होता आणि भाच्याला तिथे वीस मिनिटं बोलायचं होतं.

"मामा, तूही चल. मराठी भाषांतराचं टेबल आहे तिथे."

"प्रवेश फी?"

"काही नाही."

"मग तुम्हा लोकांना काय मिळतं?"

तो क्षणभर विचार करून म्हणाला, "स्टिकर."

त्या स्टिकरसाठी आठवडाभर घराचं लग्नघर झालं होतं. वीस मिनिटांच्या भाषणाला चाळीस स्लाइड. प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडायचे तीन तऱ्हेचे जोड, कारण तिथल्या प्रोजेक्टरचं तोंड कसं असेल ते देव जाणे. टी-शर्टच्या मापांची यादी. यात सगळेच स्वतःला 'मीडियम' म्हणवतात, हे मानवी स्वभावाचं एक रहस्य. शंभरजणांनी नाव नोंदवलं होतं, तरी भाच्याने पिझ्झा सांगितले साठजणांचे.

"आणि उरलेले चाळीस उपाशी?"

"ते येणारच नाहीत. फुकट असलं की नाव सगळे नोंदवतात, मामा."

आले अठ्ठावन्न. या पोराला माणसं कळतात याची खात्री पटली.

आता थोडा इतिहास, कारण या मंडळींत बसलं की तो ऐकावाच लागतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. रिचर्ड स्टॉलमन नावाचा गृहस्थ म्हणाला, कागद अडकला की सर्वांना निरोप जाईल अशी सोय मी करून देतो, फक्त त्याचा मूळ प्रोग्रॅम दाखवा. ज्याच्याकडे तो होता त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाने सांगितलं, दाखवणार नाही असं वचन देऊन बसलोय. आपण असतो तर तक्रारवहीत चार ओळी खरडून गप्प बसलो असतो. स्टॉलमनच्या मनात मात्र हा नकार घर करून राहिला आणि १९८३ साली त्याने सर्वांना मोकळी अशी अख्खी संगणकप्रणालीच लिहायचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने तिच्या पोटात बसेल असा गाभा लिहिला. आज आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. म्हणजे फुकट्यांना नावं ठेवणारे आपण सगळेच सकाळी उठून पहिला हात लावतो तो फुकटच्या वस्तूला!

बिचाऱ्या इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकटही आलं आणि मुक्तही. त्यामुळे तिकडे वर्षानुवर्षं, 'आमचा फ्री भाषणस्वातंत्र्यातला, बिअरच्या जाहिरातीतला नव्हे,' असं समजावत बसावं लागलं. शेवटी १९९८ साली 'ओपन सोर्स' हा नवा शब्द पुढे आला. आपल्याकडे फुकट आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आयतेच आहेत. आपण फक्त पहिलाच जास्त वापरतो.

या वस्तू देण्याचेही कायदे आहेत, आणि ते मला शेजारधर्मावरून चटकन समजले. शेजारणीने वाटीभर भाजी पाठवली तर वाटी रिकामी परत करायची नाही, हा आपला नियम. जीपीएल नावाचा परवाना म्हणजे तोच नियम वकिली भाषेत. आमचा प्रोग्रॅम घ्या, बदला. पण बदललेला चारचौघांना वाटायचा असेल तर त्याची कृतीही याच अटीवर द्या. दुसरा एमआयटी परवाना सढळ हाताचा. भाजी घ्या, विका, वाटीसुद्धा ठेवा. तिच्यावर कोरलेलं आमचं नाव तेवढं खोडू नका.

भाषांतराच्या टेबलावर 'फाइल' की 'फाईल' यावर अर्धा तास वाद चालला होता. कॉलेजातली एक मुलगी मला म्हणाली, "काका, नियम दाखवा, मी लगेच बदलते." दुसऱ्याचं ऱ्हस्व-दीर्घ सुधारणं हा मराठी माणसाचा आनंद; पण त्याबद्दल कोणी आभार मानल्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात पहिलाच.

चहाच्या वेळी भाच्याने जे सांगितलं, त्यावर मात्र हसू आलं नाही. ओपनएसएसएल हा प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या असंख्य व्यवहारांना कुलूप लावतो. २०१४ साली त्यात मोठं भगदाड सापडलं, तेव्हा जगाला कळलं की या कुलपाच्या देखभालीसाठी वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी जमत होती. मोठमोठ्या कंपन्या त्यावर विसंबून होत्या. पाणपोईवर सगळं गाव पाणी पितं. रांजण कोण भरतो हे विचारायची आठवण रांजण फुटल्यावर होते.

दुसरी गोष्ट २०२४ ची. एक्सझेड नावाचा छोटासा प्रोग्रॅम एकच माणूस हौसेने, फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता. त्यावर घेणारेच त्याला टोचू लागले: इतका उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या! तेवढ्यात एक मदतनीस पुढे आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने इमानेइतबारे काम केलं, विश्वास मिळवला आणि मग चोरदरवाजा बसवला. टोचणाऱ्यांपैकी काही त्याचेच साथीदार असावेत असा संशय आहे. ही चोरी पकडली अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनियरने. एरवी झटकन होणाऱ्या कामाला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढंच त्याला खटकलं होतं. कृती उघडी होती म्हणून त्याला आत शिरून बघता आलं.

तेव्हापासून माझा प्रश्न बदलला आहे. देणारे खरंच निरपेक्ष असतात का, हे मी विचारत नाही. काहींना नाव हवं असेल, काहींना नोकरी, काहींना स्टिकर. निष्काम कर्माची परीक्षा नेहमी दुसऱ्याची घ्यायची आपल्याला खोड आहे. आणि निरपेक्षपणा हीच कसोटी धरायची, तर त्या मदतनिसाने दोन वर्षं काहीच मागितलं नव्हतं! खरा प्रश्न घेणाऱ्याचा आहे. वस्तूला किंमत नाही म्हणजे ऋण नाही, असं थोडंच आहे? विकत घेतलेल्याचं देणं पावतीबरोबर फिटतं. फुकट घेतलेल्याचं फिटत नाही, म्हणून ते आपण विसरतो.

सगळ्यांनाच काही प्रोग्रॅम लिहिता येणार नाहीत. एखादा ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येईल, अर्धा सेकंद खटकला तर कळवता येईल, आणि काहीच नाही तर रांजण भरणाऱ्याला 'आज पाणी गार का नाही?' असं तरी विचारू नये. घरात द्यायला काही नसलं तर बायका वाटीत चिमूटभर साखर घालून पाठवायच्या. त्या चिमटीने शेजारणीचा चहा गोड होत नसे. पण पुढच्या वेळी भाजी जास्त झाली की ती याच दाराकडे बघे.