यादीचं पाप-पुण्य

सर्दीवरचा काढा आणि वाचायचं पुस्तक, या दोन गोष्टी सुचवायला आपल्याकडे कसलीही पदवी लागत नाही. शिंक ऐकू आली की शेजारचा आलं-गवती चहाचं प्रमाण सांगतो, आणि ‘सध्या काय वाचावं बरं?’ असं कुणी नुसतं पुटपुटलं तरी चार माणसं खिशातून यादी काढतात. त्यातल्या त्यात काढेवाला बरा. तो निदान घसा दुखतोय की नाक वाहतंय एवढं तरी विचारतो. यादीवाला तेही विचारत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. भलताच काढा सांगणं चूक, हे सर्वांना मान्य आहे. मग भलतंच पुस्तक सुचवणं हे पाप आहे की नाही? आता तुम्ही म्हणाल, पुस्तकानं कधी कुणी मेलंय का? माणूस मरत नाही हे खरं. पण त्याच्यातला वाचक मरतो, आणि त्याचा पंचनामाही होत नाही. औषध लागू पडलं नाही तर रोगी डॉक्टर बदलतो. पुस्तक लागू पडलं नाही तर वाचक बिचारा स्वतःलाच नापास करून टाकतो.

हे सगळं सुचलं ग्रीकांमुळे. बारामतीत बसून माणसाला उसाच्या दरामुळे काही सुचावं, निवडणुकीमुळे सुचावं; ग्रीकांमुळे सुचायचं काही कारण नाही. पण माझी इंदापूरची भाची इथे कॉलेजात शिकते, आणि तिला नाटकात अँटिगनीचं काम मिळालं. सोफोक्लीझचं हे नाटक इसवी सनापूर्वी ४४१च्या सुमाराचं. दोन भाऊ राज्यासाठी लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. राजा क्रिऑन हुकूम काढतो, की एकाचे अंत्यसंस्कार थाटात करा, दुसरा देशद्रोही, त्याचं प्रेत उघड्यावर पडू द्या. अँटिगनी हुकूम मोडून भावाच्या देहावर मूठभर माती टाकते आणि त्यापायी जीव गमावते. हा क्रिऑन तिचा सख्खा मामा. भाचीनं हे सांगितल्यावर मी जरा सावरूनच बसलो.

आमचे एक प्राध्यापक स्नेही आहेत. फार विद्वान आणि मनानं तितकेच उदार. भाचीनं त्यांना विचारलं, ‘सर, ग्रीकांवर काय वाचू?’ संध्याकाळपर्यंत तिच्या मोबाइलवर सतरा पुस्तकांची यादी हजर! सगळी इंग्रजी. पहिल्या क्रमांकावर थ्युसिडिडीझ. पोरगी जिद्दीची. तिनं पुस्तक मिळवलं आणि आठवडाभर शब्दकोश मांडीवर घेऊन तीस पानं वाचली. आठव्या दिवशी म्हणाली, ‘मामा, माझं डोकंच तेवढं नाही. काम दुसरीला देऊ देत.’

वास्तविक थ्युसिडिडीझ हा थोर इतिहासकार. स्वतः अथेन्सचा सेनापती. एक शहर वेळेवर वाचवता आलं नाही म्हणून हद्दपार झाला, आणि त्या सवडीत त्यानं अथेन्स-स्पार्टाच्या युद्धाचा इतिहास लिहिला. पण ते युद्ध सुरू झालं इसवी सनापूर्वी ४३१ साली, म्हणजे नाटकानंतर दहाएक वर्षांनी! तहानलेल्याला विहिरीचा नकाशा द्यावा, आणि तोही शेजारच्या गावच्या विहिरीचा, तसा हा प्रकार झाला. यादीतलं एकही पुस्तक वाईट नव्हतं. फक्त ती मागणारी कोण आणि तिला कशाला हवीत, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

गंमत अशी, की या पापाची नोंद ग्रीकांनीच करून ठेवली आहे. प्लेटोचा ‘फिड्रस’ नावाचा संवाद आहे. फिड्रस हा तरुण एक लिखित भाषण अंगरख्याखाली लपवून निघालेला असतो. सॉक्रेटिस त्याला बरोबर पकडतो. मग दोघं अथेन्सच्या वेशीबाहेर ओढ्यात पाय भिजवतात आणि झाडाखाली बसून गप्पा मारतात. आमच्या कऱ्हेकाठी दोन रिकामटेकडे बसावेत तसे. तिथं सॉक्रेटिस म्हणतो, की लिहिलेला मजकूर चित्रासारखा असतो. जिवंत वाटतो, पण प्रश्न विचारा, गप्प. पुनःपुन्हा तेच ते सांगतो. शिवाय तो कुणाच्याही हाती पडतो, आणि आपण कुणाशी बोलावं, कुणाशी नाही, हे त्याला कळत नाही. कुणी त्याला नावं ठेवली तर त्याच्या मदतीला बापालाच धावावं लागतं.

स्वतः सॉक्रेटिसानं एक ओळ लिहिली नाही. हे सगळं आपल्याला कळलं ते प्लेटोनं लिहून ठेवलं म्हणूनच. पण ते असो. मुद्दा बापाचा आहे. लेखक तर केव्हाच गेलेला असतो. मग पुस्तक ज्यानं सुचवलं त्यानंच पालक म्हणून उभं राहायला नको का?

आमच्या बारामतीला ही गोष्ट नवी नाही. मोरोपंत इथलेच. जन्म पन्हाळ्याचा, १७२९ सालचा, पण आयुष्य गेलं ते बाबूजी नाइकांच्या आश्रयानं बारामतीत. १७९४ साली ते वारले. त्यांनी अख्खं महाभारत आर्यांत बसवलं. समास असे, की शास्त्र्यानंही पगडी काढून डोकं खाजवावं. पण त्या आर्या गावोगाव पोचल्या. कशा? कीर्तनकारानं पोचवल्या. तो आर्या म्हणे, फोड करून सांगे, समोरच्या म्हातारीला समजलं नाही असं दिसलं की दृष्टान्त देई. पंतांच्या पाठीमागं त्यांच्या काव्याला असे पालक मिळाले. थ्युसिडिडीझला आमच्या प्राध्यापकांनी एवढंही केलं नाही. नुसताच क्रमांक एक दिला.

त्या रविवारी मी भाचीला घेऊन इंदापूरला गेलो. ताई सरकारी कचेरीत नोकरीला. जेवताना मी नाटकाची गोष्ट सांगितली. ती ऐकून ताई म्हणाली, ‘आदेश म्हणजे आदेश. मेलेल्यापायी जित्या पोरीनं जीव द्यायचा? तिची बहीण शहाणी.’ अँटिगनीला खरोखरच इस्मिनी नावाची बहीण आहे आणि ती नाटकात साधारण हेच म्हणते, हे ताईला कुणी सांगितलेलं नव्हतं.

‘आई, भाऊ होता तिचा!’ भाची भडकली. ‘उद्या मामाला कुणी असं टाकून दिलं तर तू आदेश वाचत बसशील?’

ताईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ ती विचार करत होती. पण ते जाऊ द्या. दोघी रात्री बारापर्यंत भांडत होत्या, आणि काम सोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. उलट झोपताना भाचीनं विचारलं, ‘मामा, त्या काळी बायका अशा एकट्या घराबाहेर पडू शकत होत्या का गं... का हो?’

आता पुस्तकाची वेळ झाली. प्रश्न आधी, पुस्तक मग. मी तिला एच. डी. एफ. किटो यांचं १९५१ सालचं ‘द ग्रीक्स’ दिलं. लहानसं, गप्पा मारल्यासारखं लिहिलेलं. अथेन्समधल्या बायकांचे हाल लोक समजतात तेवढे नव्हते, असं किटोसाहेबांचं म्हणणं. ते आज बऱ्याच अभ्यासकांना पटत नाही, हेही सांगितलं, आणि त्यासाठी प्राचीन स्त्रियांवरचं सारा पॉमरॉय यांचं १९७५चं पुस्तक पुढे ठेवलं. भाचीला भांडायला कुणीतरी लागतंच.

तेव्हा माझं उत्तर असं, की पुस्तक सुचवणं हे पुण्य आहे. पण सुचवून पसार होणं हे पाप आहे. माणूस पाहावा आणि मग पुस्तक. पारावर बसून गावगप्पा ऐकणाऱ्याला हिरोडोटस द्यावा. त्याला इतिहासाचा जनक म्हणतात, पण ऐकीव गोष्ट सोडणं त्याच्या जिवावर येतं. साखर कारखान्याच्या चार निवडणुका जवळून पाहिलेल्याला थ्युसिडिडीझ खुशाल द्यावा, त्याला शब्दकोश लागणार नाही. देवादिकांच्या भानगडींची आवड असेल त्याला ईडिथ हॅमिल्टन यांचं १९४२चं ‘मिथॉलॉजी’. इंग्रजीची धास्ती असेल त्याला पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेला ‘राजा ओयदिपौस’, किंवा मकरंद साठे यांचं सॉक्रेटिसावरचं नाटक ‘सूर्य पाहिलेला माणूस’. पळसदेवच्या माणसाला प्लेटोचं बुडालेलं अटलांटिस समजावून सांगावं लागत नाही. उजनीचं पाणी उतरलं की वर येणारं देऊळ त्यानं पाहिलेलं असतं. आणि ज्याला वाचनच नको, त्याला आपल्याच जिल्ह्यातल्या कार्ल्याच्या लेण्यात पाठवावं. तिथले काही खांब यवनांनी दान दिल्याचं खांबांवरच कोरलं आहे, आणि ‘यवन’ हा शब्द आपल्याकडे आला तो मुळात ग्रीकांसाठी. पुढे सवड असेल तर कोल्हापूर. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. वीतभर मूर्ती, पण ऐट समुद्राएवढी.

ही यादीच झाली की, असं तुम्ही म्हणाल. झाली खरी. पण मी पसार होणाऱ्यांतला नाही. संध्याकाळी कऱ्हेकाठी असतो. वाचून काही अडलं तर या, भांडायचं असेल तर जरूर या. आणि पुस्तक माझ्याकडून नेलेलं असेल, तर येताना तेवढं घेऊन या.