पायाशी लिहिलेल्या अंकाला हात लावू नका

वह्या बंद करा आणि इकडे बघा. खिडक्या लावून घ्या; खालच्या सात रस्ता चौकातली रहदारी संध्याकाळी घरी जातानाही दिसेल.

काल चाचणीतला पहिला प्रश्न पाण्याचा होता. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होतं, त्याचं समीकरण लिहा, संतुलित करा. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक. इथं निम्म्या वर्गानं काय केलं? पाण्याच्या रेणुसूत्रात ओच्या पायाशी गुपचूप दोन लिहिला. दोन्हीकडे दोन-दोन झाले, चला पुढच्या प्रश्नाला! अरे, तुम्ही समीकरण संतुलित केलं नाहीत, हिशोब जुळवायला मालच बदललात. एच-टू-ओ-टू म्हणजे पाणी नव्हे, हायड्रोजन पेरॉक्साइड. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांना विचारा, सुताचा पिवळेपणा घालवायला तिथं काय वापरतात. ते तीव्र द्रावण उघड्या हाताला लागलं तर कातडी पांढरी पडते, आग होते. तुम्ही उत्तरपत्रिकेत ते पाणी म्हणून लिहून आलात.

रेणुसूत्र तुम्ही ठरवत नाही. पदार्थ जसा आहे तसं ते असतं. संतुलन करताना बदलायचा तो पुढचा अंक, सहगुणक. हायड्रोजनच्या पुढे दोन, पाण्याच्या पुढे दोन. आता वजनं करा: ४ ग्रॅम हायड्रोजन, ३२ ग्रॅम ऑक्सिजन, ३६ ग्रॅम पाणी. काही हरवलं नाही, बाहेरून काही आलं नाही. समीकरण संतुलित करायचं ते एवढ्यासाठी, मार्कांसाठी नाही.

आता अक्षरं. कोबाल्टची संज्ञा विचारली, तर सी कॅपिटल आणि ओ पण कॅपिटल! तो धातू उरलाच नाही, कार्बन मोनॉक्साइड झाला. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेल्यांचा जीव घेणारा वायू. त्याला ना रंग, ना वास. ‘सर, घाईत अक्षर मोठं झालं’ हे मला सांगू नका. पहिलं अक्षर कॅपिटल, दुसरं स्मॉल, हे हाताला वळण लागलं असतं तर घाईतही चुकलं नसतं. आणि सोडियमला एस-ओ लिहिणाऱ्यांनी उभं राहा. बर्झेलियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं १८१३च्या सुमारास ही अक्षरांची पद्धत सुरू केली, ती लॅटिन नावांवरून. नॅट्रियम म्हणून एन-ए, अर्जेंटम म्हणून ए-जी. त्याच्या आधी डाल्टन प्रत्येक मूलद्रव्याला वेगळं वर्तुळ काढायचा, कुठं आत ठिपका, कुठं रेघ. तुमच्या वाट्याला फक्त दोन अक्षरं आलीत, तीही नीट काढायची नाहीत?

कोणाच्या घरी डाळिंबाची बाग आहे? हात वर करा. फवारणीचं बोर्डो मिश्रण घरीच करतात ना? एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. त्या मोरचुदाचं सूत्र लिहिताना तुम्ही कॉपर सल्फेटवर थांबलात. पुढचं टिंब आणि पाण्याचे पाच रेणू कुठं गेले? साधारण २५० ग्रॅम मोरचुदात ९० ग्रॅम पाणीच असतं. म्हणजे किलोमागे ३६० ग्रॅम! खडा तापवून बघा, पाणी उडून जातं आणि निळा खडा पांढरा पडतो. एका टिंबात एवढं वजन आहे.

चुन्याचीही तीच गत. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं. त्यात ओ-एच कंसात घालायचा आणि दोन कंसाबाहेर. कंसाबाहेरचा दोन ऑक्सिजनलाही लागतो, हायड्रोजनलाही. कंस गाळला की ऑक्सिजनचा एक अणू गेला. मग समीकरण जुळत नाही म्हणून डोकं धरून बसता.

मिठाच्या द्रावणापुढे कंसात एल लिहिणारेही आहेत. एल म्हणजे द्रवरूप. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं! पाण्यात विरघळलेल्या मिठाला एक्यू. आणि बाणाच्या जागी बरोबरचं चिन्ह नको. खाली चौकात स्टेशनची दिशा दाखवायला कोणी दोन आडव्या रेघा मारील का?

वह्या उघडा. पाण्याचं समीकरण पुन्हा लिहा. शंभर वेळा नाही, एकदाच. त्याच्या खाली डावीकडचे अणू आणि उजवीकडचे अणू वेगवेगळे मोजून दाखवा. ज्या वहीत मोजणी नसेल, ती मी तपासणार नाही.