श्रमदान की वेठ?

सेवा ही चांगली गोष्ट आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण सेवा कोणी करायची, कोणाच्या सांगण्यावरून करायची आणि तिचे फळ कोणाच्या पदरात पडायचे, हे विचारल्याशिवाय तिला चांगली म्हणता येईल काय? आपल्या भंडारा जिल्ह्यात लोकांनी आपखुशीने भाग घ्यावा असे कार्यक्रम कमी नाहीत. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आहे. ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशात सुरू झाली. तिच्यात नाव घातलेल्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजासाठी द्यावेत आणि सात दिवसांचे शिबिर करावे, असा दंडक आहे. गावोगावी २०००-०१ सालापासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आले, २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली. गुरुदेव सेवा मंडळे आहेत, बचत गट आहेत, युवक मंडळे आहेत, रक्तदानाची शिबिरे आहेत. आपल्या वस्तीत विहार आहे, विहाराची समिती आहे, जयंतीचे मंडळ आहे. सगळीकडून एकच हाक येते : वेळ द्या, श्रम द्या.

ही हाक वस्तीवर आली की म्हातारी माणसे मात्र सावध होतात. नातू घमेले-फावडे घेऊन निघाला की आजोबा विचारतात, मजुरी किती? मजुरी नाही, श्रमदान आहे, असे उत्तर मिळाले की म्हणतात, ‘‘म्हंजे बेगारीच ना, बाबू?’’ शिकलेला नातू हसतो. पण हसण्यासारखे त्यात काही नाही. हा नीतीचा मोठा प्रश्न आहे, आणि ज्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या बिनमोल राबणूक सोसली त्यालाच तो इतक्या थोडक्यात विचारता येतो. फावडे तेच, माती तीच, घाम तोच. मग दान कोणते आणि वेठ कोणती?

आपल्याकडे मालगुजारी होती. मालगुजाराच्या बांधीत, वाड्यावर, त्याच्या घरच्या लग्नकार्यात पूर्वाश्रमीच्या महारांनी राबायचे आणि त्या राबण्याची मोजदाद कोणी ठेवायची नाही, ही रीत होती. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. त्याआधीच राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली आणि ती मनाई मोडणे हा गुन्हा ठरवला. या कलमाचा दुसरा भाग मात्र आपले कार्यकर्ते सहसा वाचत नाहीत. सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लावता येईल, पण ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे घटनेने समाजासाठी राबण्याला नाव ठेवलेले नाही. घटनेने विष कुठे आहे ते दाखवले आहे. ते श्रमात नाही, भेदात आहे.

कायद्याने सक्ती गेली तरी वेठ दुसऱ्या वाटेने परत येऊ शकते. म्हणून श्रमदानाची हाक आली की चार प्रश्न विचारावेत असे मला वाटते.

पहिला प्रश्न नकाराचा. ज्याला नाही म्हणता येते त्याच्याच होकाराला किंमत असते. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत उद्या रोवण्याला जायचे आहे त्यानेच आज श्रमदानाचे आवतण धाडले, तर भूमिहीन मजूर नाही कसा म्हणणार? त्याला कोणी काठी दाखवलेली नसते. पण उद्याची मजुरी हीच काठी असते. असा होकार हा दान नव्हे.

दुसरा प्रश्न फळाचा. गावाने मिळून नाली खोदली. ती आपल्या वस्तीच्या तोंडापर्यंत आली की अलीकडेच थांबली? तलावातला गाळ सर्वांनी काढला. तो कोणाच्या शेतात पडला?

तिसरा प्रश्न मताचा. काम ठरवणाऱ्या सभेत आपण होतो काय? गटार उपसायला कोणाला पाठवले आणि सत्काराच्या वेळी व्यासपीठावर कोणाला बसवले, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. श्रम एकाचे आणि शहाणपण दुसऱ्याचे अशी वाटणी जिथे आधीच झालेली असते, तिथे चातुर्वर्ण्य नवे कपडे घालून उभे असते.

चौथा प्रश्न ऐपतीचा. याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पगारदार माणसाने रविवार दिला तर त्याचा रविवार जातो. विडी वळणाऱ्या बाईने दिवस दिला तर तिच्या घरची त्या दिवसाची भाकर जाते. तास सारखे म्हणून दान सारखे होत नाही. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा मजुराने खोदलेल्या मातीला दाम आहे, हे तत्त्व मान्य केले. ज्या कामाला दाम मिळू शकतो तेच काम गरिबाकडून फुकट मागताना मागणाऱ्याने दहा वेळा विचार केला पाहिजे.

यावर आपल्यातला एखादा तरुण म्हणेल, ‘‘मग जायचेच कशाला? खैरलांजी विसरलात काय?’’ कोण विसरेल? २९ सप्टेंबर २००६ रोजी आपल्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात, भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. मागच्या वादांत त्यांच्या शेतातून जाणाऱ्या वाटेचाही वाद होता. ‘गावाचे हित’ हे शब्द कोणाच्या तोंडी आहेत आणि कोणाच्या अंगावर येत आहेत, हे पाहण्याची सवय आपल्याला लागली ती अशाच अनुभवांतून. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खेड्याचे खरे रूप सुनावले होते. ते त्यांनी पुस्तकात वाचून सांगितलेले नव्हते.

तरीही ‘जाऊच नका’ हे उत्तर मला पटत नाही. त्याची दोन कारणे आहेत. एक व्यवहाराचे आहे. आपला जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते आता मालगुजाराचे राहिलेले नाहीत. त्यांच्या पाण्यावर, मासळीवर, गाळावर गावाचा हक्क आहे. तलावाच्या दुरुस्तीची सभा भरते तेव्हा आपण घरी बसलो, तर आपल्या वाट्याचे पाणी आपल्यावाचून ठरते. सार्वजनिक गोष्टीवर पाठ फिरवणे म्हणजे ती दुसऱ्याच्या नावे करून देणे होय. चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्यांच्या वारसांनी तलावाच्या सभेला जाऊ नये, हे विपरीत आहे.

दुसरे कारण धम्माचे आहे. विनयपिटकात एक प्रसंग येतो. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. तथागतांनी विचारले, तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. नंतर भिक्खूंना एकत्र करून त्यांनी सांगितले की, येथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील?

या प्रसंगातले भिक्खू दुष्ट नव्हते. ते हिशेबी होते. जो आपल्या उपयोगी पडतो त्याच्या आपण उपयोगी पडू, हा व्यापाराचा नियम त्यांनी संघात आणला होता. तथागतांनी तो मोडला. सर्व गाव आपल्याशी न्यायाने वागेल तेव्हाच आपण बोट हलवू, असे आपण म्हणालो तर तोही त्याच जातीचा हिशेब होईल. वेठीला नकार देणे हा स्वाभिमान आहे. आजाऱ्याला, भुकेल्याला, पुरात सापडलेल्याला नकार देणे हा स्वाभिमान नव्हे.

मग जायचे कसे? जातककथांत मघ नावाच्या तरुणाची गोष्ट आहे. तिच्यातले देवादिक आणि चमत्कार सोडून द्यावेत, माणसे तेवढी घ्यावीत. मगधातील तीस घरांच्या एका गावात लोक गावकीच्या कामासाठी जमले होते. मघाने आपल्या पायाखालची जागा साफ केली. दुसऱ्याने येऊन ती बळकावली. मघाने भांडण न करता शेजारची जागा साफ केली, तीही तिसऱ्याने घेतली. असे करता करता सारी जागा साफ झाली. पुढे गावचे तीस जण पहाटे उठून रस्त्यातले दगड काढू लागले, बांध घालू लागले, तळी खोदू लागले, वाटसरूंसाठी शाळा बांधू लागले. सर्वांनी पंचशील घेतले. याचा राग कोणाला आला? गावच्या प्रमुखाला. लोक दारू पिऊन भांडत होते तोवर दारूवर आणि दंडावर त्याची कमाई होती. त्याने राजाकडे जाऊन हे लोक दरोडेखोर आहेत अशी फिर्याद केली.

यातून दोन गोष्टी कळतात. लोकांनी आपखुशीने केलेले काम कोणाच्या तरी कमाईवर येते, आणि ज्याच्या कमाईवर येते तोच प्रथम बदनामी करतो. म्हणून खऱ्या सेवेला विरोध झाला तर घाबरू नये. आणि एखाद्या सेवेला गावातल्या एकाही सत्ताधाऱ्याचा कधीच विरोध होत नसेल, तर ती कोणाची सोय करते आहे हे एकदा तपासावे.

गोष्टीचा शेवटचा भाग आपल्यालाच लागू आहे. या तीस जणांनी चौरस्त्यावर मोठी शाळा बांधायला घेतली तेव्हा बायकांना त्यात भाग द्यायचा नाही असे ठरवले. सुधम्मा नावाच्या बाईने सुताराला हाताशी धरून शिखराचे लाकूड आधीच करून घेतले. शिखराची वेळ आली तेव्हा ते तिच्याच घरी मिळाले. पुरुष दाम देऊ लागले. ती म्हणाली, दाम नको, पुण्यात वाटा हवा. शेवटी तो त्यांना द्यावा लागला.

आपल्या विहारांकडे पाहा. सारवणे, झाडणे, जयंतीचा स्वयंपाक, पाण्याची घागर, वर्षावासात ग्रंथवाचनाला बसणारी माणसे, यांत बाया किती आणि समितीच्या पदाधिकाऱ्यांत बाया किती? वरचे चारही प्रश्न गावाला विचारण्याआधी विहाराच्या ओट्यावर विचारले पाहिजेत. तिला नाही म्हणता येते काय? तिला मत आहे काय? नसेल तर गावाने आपल्याशी जे केले तेच आपण घरात करतो आहोत, आणि त्याला ‘उपासिकेची सेवा’ असे गोड नाव देतो आहोत.

ऐपतीचा प्रश्न आपल्यातल्या शिकलेल्यांना विचारावा. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. हा भाग आहे, ठरावीक रक्कम नाही, हे महत्त्वाचे. ज्याला जास्त मिळते त्याने जास्त द्यायचे. हाच नियम वेळेला लावला तर? आठवड्याचे तास मोजले तर १६८ होतात. त्याचा विसावा भाग आठ तासांहून थोडा अधिक येतो. ज्याच्या पोटाची चिंता पगाराने मिटवली आहे त्याने एवढे तास वस्तीतल्या अभ्यासिकेला, दवाखान्यात अडलेल्या माणसाला, पंचायतीचे अर्ज लिहिण्याला दिले, तर मजुराच्या एका दिवसाला हात लावण्याची गरज पडणार नाही. शिक्षक, कारकून, बँकेतले लोक नगराकडे राहायला जातात आणि जयंतीला वर्गणी पाठवून मोकळे होतात. ही वर्गणी विसावा भाग नव्हे.

दानाला नाव असते, वेठीला नसते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्या पवनीला १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीचे उत्खनन झाले आणि वैनगंगेकाठचा प्राचीन स्तूप उजेडात आला. तेथील दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांचे लेख आहेत. एका लेखात सर्व प्राणिमात्रांच्या सुखाची इच्छा कोरलेली आहे. कोणी एक दगड दिला, त्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले. उलट आपल्या मामा तलावांना मालगुजारांचे नाव चिकटले. ज्यांनी ते खोदले त्यांची नावे कोणत्याही पाळीवर लिहिलेली नाहीत. विहाराच्या भिंतीवर देणगीदारांची पाटी लावताना रकमेबरोबर श्रमाचीही नोंद व्हावी. ज्या बाईने वीस वर्षे विहार झाडला तिचे नाव पहिल्या ओळीत यावे.

आता आजोबांचे उत्तर. त्यांचा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचे उत्तरही त्यांच्याच पिढीने देऊन ठेवले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसे जमली. समता सैनिक दलाच्या स्वयंसेवकांनी तो जनसागर सांभाळला. कोणी मजुरी मागितली नाही आणि कोणी बेगार म्हटले नाही. हीच ती माणसे, ज्यांनी वाड्यावर वेठ केली होती. ती आपल्या इच्छेने आली होती आणि कामाचे फळ त्यांचेच होते. दान आणि वेठ यांतला फरक त्यांना कोणी शिकवावा लागला नाही.

येत्या पौर्णिमेला विहारात बसाल तेव्हा हे चार प्रश्न मोठ्याने वाचावेत आणि आपल्या गावच्या एकेका कार्यक्रमाला लावून पाहावेत. जो उतरेल त्यात सर्वांच्या पुढे उभे राहावे. जो उतरणार नाही त्यात आधी सभेत जाऊन आपले मत मांडावे, फावडे मागाहून उचलावे.