कानातलं कवच आणि अहिंसेचा प्रश्न

आतल्या कानात, शंखासारख्या वळलेल्या नळीत, सुमारे ३,५०० आतल्या केसपेशी असतात. ध्वनीचा निरोप मेंदूकडे जातो तो मुख्यतः यांच्यामार्फत, आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांना निकोटिनामाइड रायबोसाइड, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाचं एक रूप दिलं. कर्कश आवाजाच्या आधी दिलं तरी आणि नंतर दिलं तरी त्यांची श्रवणशक्ती वाचली. पेशींच्या ऊर्जाघरांतलं सर्ट३ हे प्रथिन जागं झालं आणि एरवी अशा माऱ्याने मागे हटणारे मज्जातंतूंचे धागे जागच्या जागी टिकले. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला सरसकट लावता येत नाही. पण समजा, उद्या तो माणसातही खरा ठरला, तर विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेची भिंत उभी करणाऱ्याची जबाबदारी कमी होते का? माझ्या मते तसूभरही नाही, उलट ती वाढते. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी बांधलेली आहे. तिथे केवळ ‘हेतू वाईट नव्हता’ म्हणून कोणी सुटत नाही. इजा कुठे आणि कशी होते हे इतकं उलगडल्यावर अजाणतेपणाची सबब तरी कुठून आणायची?

यावर नेहमीचा आक्षेप असा, की दोन दिवसांत कान पूर्ववत होतात. पण शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की उंदरांची ऐकण्याची पातळी तपासणीत पूर्ववत आली, केसपेशीही शाबूत होत्या, तरी त्यांना मज्जातंतूंशी जोडणारे दुवे कायमचे तुटले होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नाद हीच भक्ती, तिला मोजपट्टी कसली? ढोल वाजवणाऱ्याने स्वतःचे कान पणाला लावले, तर तो त्याचा निर्णय, आणि त्यातली तन्मयता मला खरीच वाटते. पण त्याच गल्लीत पाळण्यातलं बाळ आहे, अंथरुणाला खिळलेली आजी आहे. त्यांना कुणी विचारलेलं नाही, आणि मार सोसण्यासाठी औषध घ्या असं त्यांना सांगणं म्हणजे भक्तीचा खर्च त्यांच्या माथी मारणं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सणासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री दहा ते बारा ध्वनिवर्धकाची सवलत देता येते. ती सवलत वेळेपुरती आहे. डेसिबलची मर्यादा त्या दोन तासांतही लागू राहते.